लिनक्सवर छायाचित्रांची डागडुजी

विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केली, आणि तिच्या पुढची प्रणाली तर घरोघरच्या जुन्या यंत्रांपैकीं पुष्कळांस मुळींच मानवत नाहीं. परिणाम असा झाला कीं, ज्या घरांत एखादा मुलगा, पुतण्या किंवा नात या विषयांत थोडीफार गति बाळगून आहे, तेथील चांगल्या चालत्या यंत्रांवर लिनक्स येऊन बसलें. बसविणारा आपल्या नोकरीच्या गांवीं निघून गेला, आणि मागें राहिलेल्या मंडळींस पहिल्याच आठवड्यांत जी अडचण आली ती बहुधा एकच : छायाचित्राचा कांठ कापावयाचा तो कशानें, आणि तें लहान करावयाचें तें कोठें ? गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं बरींच याच प्रश्नाचीं आहेत. सर्वांस निरनिराळीं उत्तरें पाठविणें शक्य नसल्यामुळें, यावेळचें हें पान त्या एका विषयास देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोणाहि जाणत्यास विचारलें तर तो एकच नांव सांगतो, गिंप. नांव खोटें नाहीं. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनीं १९९५ सालीं हा प्रोग्रॅम लिहावयास घेतला, १९९६ सालीं तो लोकांपुढें आला, आणि तेव्हांपासून आजवर तो विनामूल्य आहे. त्याची तिसरी मोठी आवृत्ति मार्च २०२५ मध्यें निघाली. चित्रकार, मुद्रक, मासिकांचीं मुखपृष्ठें करणारे अशा लोकांनीं वापरावें अशा योग्यतेचें तें साधन आहे. परंतु आमच्या वाचकांचें काम काय ? अर्जास लावण्याचें छायाचित्र आंखूड करणें, तिरपें आलेलें सरळ करणें, मुंजीच्या चित्राखालीं तिथि व नांव लिहिणें, एखाद्या कागदावरील आंकडा झांकणें. एवढ्यासाठीं गिंप उघडणें म्हणजे पापड भाजण्यासाठीं लोहाराची भट्टी पेटविण्यासारखें आहे. आमच्या शास्त्रकारांनीं सूचीकटाहन्याय सांगितला आहे. सुई आणि कढई अशीं दोन कामें लोहाराकडे आलीं असतां तो सुई आधीं करून देतो. येथें तर पुष्कळांस कढई मुळीं हवीच नाहीं.

हें केवळ आमचें मत नव्हे. उबंटूच्या चालकांनीं २०१० सालींच गिंप आपल्या मूळ संचांतून काढून टाकलें. ज्यास पाहिजे त्यानें तें मागाहून घ्यावें असें ठरविलें. लिनक्स मिंटच्या मंडळींनीं २०१९ सालाच्या अखेरीच्या आवृत्तींत गिंपच्या जागीं ड्रॉइंग नांवाचा एक लहानसा प्रोग्रॅम बसविला. घरगुती मनुष्याची गरज काय असते याचा अंदाज या लोकांस आहे असें त्यावरून दिसतें.

आतां निवडीकडे वळूं. लिनक्सवर चित्रांचीं साधनें अनेक असलीं तरी त्यांची जात ओळखली कीं गोंधळ उरत नाहीं. एक जात चित्रें पाहण्याच्या प्रोग्रॅमांची. यांचें मुख्य काम चित्रें दाखविणें हें असलें तरी कापणें, फिरविणें, आकार बदलणें, उजेड कमीअधिक करणें एवढें त्यांना येतें. जीथंब हा या जातींतील आमचा आवडता. मिंटवर त्याचाच एक भाऊ पिक्स या नांवानें नांदतो. केडीई पद्धतीचा पडदा असलेल्या यंत्रांवर ग्वेनव्ह्यू असतो, तोहि चांगला. दुसरी जात पाटीवर खडूनें लिहावें तशा रंगपाट्यांची : केडीईवरील कोलरपेंट, आणि वर सांगितलेला ड्रॉइंग. विंडोजवरील जुन्या पेंटची ज्यांना संवय आहे त्यांना कोलरपेंट हातीं घेतांच माहेरीं आल्यासारखें वाटेल. तिसरी जात थरांच्या साधनांची. एका पारदर्शक कागदावर दुसरा, त्यावर तिसरा, असे थर रचून चित्र करण्याची सोय यांत असते. पिंटा त्यांतला लहान आणि गिंप मोठा.

पिंटाविषयीं दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण त्याच्याविषयींच्या तक्रारी जुन्या आहेत. २०१० सालीं निघालेला हा प्रोग्रॅम पूर्वी मोनो नांवाच्या पायावर उभा होता, आणि चालतां चालतां मध्येंच बंद पडतो अशी त्याची कुप्रसिद्धि होती. २०२२ सालच्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तींत त्याचा पाया बदलला, आणि २०२५ सालीं तिसरी निघाली. तेव्हां कोणी जुन्या अनुभवावरून त्यास नांवें ठेवीत असेल तर आपल्या यंत्रावर कोणती आवृत्ति आहे हें आधीं पाहावें. पुष्कळ ठिकाणीं जुनीच पडून असते.

आमचा सल्ला थोडक्यांत असा आहे. घरांत जीथंब किंवा पिक्स असावा, त्याच्या जोडीला ड्रॉइंग किंवा कोलरपेंट यांपैकीं एक असावा, आणि जुन्या छायाचित्रांवरील डाग व चिरा काढण्याचा ज्यांना खरोखर नाद आहे त्यांनींच गिंप घ्यावें. जीथंबनें चित्रावर अक्षरें लिहितां येत नाहींत, म्हणून दुसरा लागतो, एवढेंच. लहान मुलांसाठीं टक्सपेंट नांवाचा एक मजेदार प्रोग्रॅम २००२ सालापासून आहे, तो घातल्यास तीं आपल्या हातचीं साधनें मोडणार नाहींत.

आतां अर्जांचें प्रकरण. यांत मुलांचें वर्ष जाऊं शकतें, म्हणून तें जरा विस्तारानें सांगतों. बँकांच्या सामायिक परीक्षांच्या अर्जांत छायाचित्र २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी, आणि सही १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी, अशा धर्तीची अट असते. येथें दोन निरनिराळीं मापें आहेत आणि पुष्कळ लोक तीं एकच समजतात. पिक्सेल म्हणजे चित्राच्या विणीचे ठिपके : आडवे २०० व उभे २३०. केबी म्हणजे तें चित्र सांठविण्यास लागणारी जागा. ठिपके तेवढेच ठेवून जागा कमी करतां येते, आणि ती करण्याचें साधन म्हणजे जेपेग ठेवतांना विचारला जाणारा ‘क्वालिटी’ हा आंकडा. तो ९५ वरून ८० वर आणला कीं जागा पुष्कळ उतरते, आणि एवढ्याशा चित्रांत डोळ्यांस फरकहि जाणवत नाहीं. उलट, केबी कमी व्हावेत म्हणून ठिपकेच कमी करीत गेल्यास मुलीचा चेहरा धुक्यांतून पाहिल्यासारखा होतो आणि अर्ज परत येतो.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. छायाचित्रकाराकडून आणलेलें पारपत्राच्या मापाचें चित्र बहुधा ३५ बाय ४५ मिलिमीटर असतें. त्याची रुंदी २०० ठिपके केली तर उंची सुमारें २५७ येते. अर्जाला हवी २३०. अशा वेळीं रुंदी-उंचीमधील सांखळीचें चिन्ह उघडून जबरदस्तीनें २३० लिहिलें तर मनुष्य एक-दशांशानें ठेंगणा व रुंद दिसूं लागतो. असें न करितां प्रथम कापावें. जीथंबच्या कापण्याच्या साधनांत प्रमाण ठरविण्याची सोय आहे. तेथें २०० व २३० हे आंकडे घालावेत, चौकट डोक्याच्या वर थोडी जागा राहील अशी बसवावी, आणि मग आकार २०० वर आणावा. क्रम महत्त्वाचा आहे : आधीं कापणें, मग लहान करणें, सर्वांत शेवटीं केबींचा हिशेब. हा क्रम उलटा केल्यामुळें रात्रीं अकरा वाजतां, अर्जाची मुदत संपावयास तासभर उरला असतां, घरांतील सर्व मंडळी पडद्याभोंवतीं जमलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत.

साधन बिघडलें तर काय करावें, हा दुसऱ्या पत्रांचा विषय. येथें आमच्या न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेकाची पद्धति जितकी उपयोगी पडते तितकी दुसरी कोणतीहि नाहीं. दोष चित्राचा, प्रोग्रॅमाचा, कीं चित्र जेथें ठेवलें त्या जागेचा ? तेंच चित्र दुसऱ्या प्रोग्रॅमानें उघडून पाहावें, त्याच प्रोग्रॅमानें दुसरें चित्र उघडून पाहावें, आणि मग तेंच चित्र आपल्या ‘पिक्चर्स’ या फोल्डरमध्यें नक्कल करून तेथून उघडावें. या तीन परीक्षांनीं बहुतेक आजारांचें निदान होतें. प्रोग्रॅम मुळींच उघडत नसेल तर टर्मिनलच्या काळ्या खिडकींत त्याचें नांव टाइप करून तो चालवावा. चिन्हावर टिचकी मारली असतां जो मुका राहतो तोच तेथें आपली तक्रार बोलून दाखवितो. शेवटच्या दोन-तीन ओळी वाचाव्या. डिस्कवर जागा उरली नाहीं, परवानगी नाहीं, अमुक भाग सांपडत नाहीं, यांपैकीं कांहींतरी एक तेथें साध्या इंग्रजींत लिहिलेलें असतें. गिंप उघडतांना अडत असेल तर घरच्या फोल्डरमध्यें कंट्रोल व एच या कळा दाबून लपलेले फोल्डर दिसूं द्यावे, टिंबापासून सुरू होणाऱ्या ‘कॉन्फिग’ मधील गिंपच्या फोल्डरचें नांव बदलावें आणि प्रोग्रॅम पुन्हां उघडावा. तो नवी वही घालून नव्यानें संसार मांडतो. जुना फोल्डर फेंकूं नये, केवळ नांव बदलावें.

पेन-ड्राइव्ह लावला आहे, यंत्राला तो दिसतो, पण चित्राच्या प्रोग्रॅमाला दिसत नाहीं, अशी तक्रार उबंटू वापरणाऱ्यांकडून येते. याचें कारण असें कीं, हल्लीं कित्येक प्रोग्रॅम स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या पद्धतीनें बसविले जातात. अशा प्रोग्रॅमास एका स्वतंत्र खोलींत ठेवलेलें असतें, आणि त्या खोलीच्या खिडक्या कोणत्या फोल्डरकडे उघडाव्या हें आपण ठरवावयाचें असतें. योजना सुरक्षिततेच्या दृष्टीनें शहाणपणाची आहे, पण सांगितल्यावांचून कळणारी नाहीं. उबंटूच्या सेटिंग्जमध्यें ॲप्सच्या यादींत त्या प्रोग्रॅमाच्या परवानग्या असतात, तेथें बाहेरच्या डिस्कची परवानगी द्यावी. फ्लॅटपॅकसाठीं फ्लॅटसील नांवाचें साधन मिळतें. तेवढीहि खटपट नको असेल तर चित्रें आधीं ‘पिक्चर्स’मध्यें उतरवून घ्यावींत. आम्ही तेंच करतों.

मोबाइलवर उभें दिसणारें चित्र संगणकावर आडवें पडतें, हा प्रश्न तर दर महिन्यास येतो. कॅमेरा चित्र आपल्या सोईनें आडवेंच ठेवतो आणि सोबत ‘हें उभें करून दाखवावें’ अशी एक चिठ्ठी जोडतो. एक्झिफ म्हणतात तें हेंच. ज्या प्रोग्रॅमास चिठ्ठी वाचतां येते तो चित्र उभें दाखवितो, दुसरा दाखवीत नाहीं. यावर उपाय एकच, चित्र प्रत्यक्ष फिरवून नव्या नांवानें ठेवणें. त्याच चिठ्ठींत चित्र कोणत्या ठिकाणीं काढलें याची नोंदहि असूं शकते, म्हणून परक्यांस पाठवावयाचीं चित्रें त्या नोंदीवांचून पाठवावींत. गिंपमधून जेपेग काढतांना एक्झिफ ठेवावें कीं नाहीं हें विचारलें जातें. आयफोनवर काढलेलें चित्र मुळींच उघडत नसेल तर तें बहुधा हाइक या जातीचें असतें. २०१७ पासून त्या फोनांची ती संवय आहे. लिनक्सवर त्यासाठीं लिबहाइफ नांवाचा भाग बसवावा लागतो, अथवा फोनच्याच कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्यें ‘मोस्ट कंपॅटिबल’ हा पर्याय निवडावा, म्हणजे पुढचीं चित्रें जेपेगच येतील.

गिंपच्या तक्रारींपैकीं नऊ-दशांश तक्रारी चार गोष्टींत आटोपतात. सर्व साधनांच्या पेट्या एकाएकीं नाहींशा झाल्या तर चुकून टॅब ही कळ दाबली गेली आहे. ती पुन्हां दाबावी. कुंचला फिरतो पण रंग उमटत नाहीं, अशा वेळीं चित्राचा दुसराच एखादा लहानसा भाग निवडलेला असतो, आणि निवडीच्या बाहेर गिंप एक ठिपकाहि उमटूं देत नाहीं. ‘सिलेक्ट’ मधील ‘नन’ दाबावें. तरीहि उमटत नसेल तर आपण दुसऱ्याच थरावर लिहीत असतों. खोडरबरानें पुसलें असतां मागें पांढरा रंग येतो, पारदर्शक होत नाहीं, त्याचें कारण त्या थराला अल्फा चॅनल नसतो. थराच्या यादींत उजवी टिचकी मारून तो जोडावा. आणि चौथी गोष्ट, २०१२ सालापासून ‘सेव्ह’ म्हटलें कीं गिंप आपल्या स्वतःच्या एक्ससीएफ या जातींतच चित्र ठेवतें. तें अर्जावर चढत नाहीं, मोबाइलवर उघडत नाहीं. जेपेग किंवा पीएनजी पाहिजे असेल तर ‘एक्स्पोर्ट ॲज’ म्हणावें लागतें. या बदलावर लोक फार रागावले होते. आमच्या मतें बदल योग्य आहे, कारण थर असलेली मूळ कृति आणि बाहेर धाडावयाची प्रत या दोन वस्तु आहेत हें त्यामुळें मनावर ठसतें.

देवनागरी अक्षरांच्या बाबतींत पूर्वीचे हाल आतां उरले नाहींत. अक्षरांच्या जागीं रिकाम्या चौकटी दिसल्या तर फॉन्ट नाहीं असें समजावें आणि नोटो, लोहित, किंवा मुंबईच्या एक टाइप मंडळींचा मुक्ता यांपैकीं एखादा बसवावा. संस्कृत श्लोक किंवा वंशावळ लिहावयाची असेल तर मुंबईच्या आय. आय. टी. नें उपलब्ध करून दिलेला शोभिका आम्हांस विशेष आवडतो. त्यांत अवघड जोडाक्षरें मोडत नाहींत. छापखान्यांत श्रीलिपीसारख्या जुन्या साधनांनीं जुळविलेला मजकूर येथें चिकटविल्यास रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. त्या जुन्या फॉन्टांत देवनागरीच्या आकृति रोमन अक्षरांच्या घरांत बसविलेल्या असत, म्हणून असें होतें; तो मजकूर युनिकोडमध्यें नव्यानें लिहावा. ज्यांना आपला पाकळीचा ल आणि शेंडीफोड्या श हवा असतो (आम्हांस हवा असतो) त्यांनीं गिंपच्या अक्षरसाधनांत भाषा मराठी निवडून पाहावी. फॉन्टमध्यें तीं वळणें असलीं तर तीं पडद्यावर येतात.

आधारपत्राचे आंकडे झांकावयाचे असतां पुष्कळ लोक त्यांवर अर्धपारदर्शक काळी रेघ ओढतात किंवा तो भाग पुसट करतात. रेघेखालचे आंकडे उजेड वाढवून वाचतां येतात. पूर्ण काळा भरीव चौकोन घालावा व चित्र जेपेग अगर पीएनजी म्हणून नव्यानें काढावें. शेवटचे चारच आंकडे दिसणारी प्रत आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते, तीच वापरणें सर्वांत बरें.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं हें पान मुख्यतः लिहावयास घेतलें तिच्याकडे येतों. आमच्या परिचयाच्या एका घरीं वाळवीनें खाल्लेला जुना आल्बम होता. घरच्या एका पुतण्यानें उन्हाळ्याच्या सुट्टींत बसून त्यांतील प्रत्येक चित्र नीट स्कॅन केलें. काम उत्तम झालें. आल्बमचीं पानें हातांत मोडूं लागलीं होतीं, तीं मंडळींनीं टाकून दिलीं. पुढें तींच चित्रें नातलगांस मोबाइलवर धाडावयाचीं म्हणून दुसऱ्या कोणी एकाच आज्ञेनें सर्व चित्रें ८०० ठिपके रुंदीचीं केलीं. इमेजमॅजिक या साधनसंचांत मोग्रिफाय नांवाची आज्ञा आहे. ती सांगितल्या कामास चुकत नाहीं, पण नवी प्रत करीत नाहीं. दुसरी जागा स्पष्ट सांगितली नसेल तर मूळ फाइलवरच लिहिते. आधीं विचारीतहि नाहीं. पणजीचें एकुलतें एक चित्र त्यांत होतें. आज तें कागदावर छापावयाचें तर चांगल्या छपाईच्या, म्हणजे इंचास ३०० ठिपक्यांच्या, हिशेबानें त्याची रुंदी पावणेतीन इंच सुद्धां भरत नाहीं. एका रांगेंत दहा माणसें उभीं असलेल्या गटचित्राची तर याहून वाईट गत : प्रत्येकाच्या वांट्यास ८० ठिपके, आणि चेहऱ्याच्या वांट्यास त्याच्या निम्मे सुद्धां नाहींत. तेवढ्यांत पणजोबा कोणते व त्यांचे धाकटे बंधु कोणते हें कसें ओळखावें ?

म्हणून जुन्या चित्रांचे बाबतींत आम्ही कांहीं गोष्टी आग्रहानें सांगतों. चार बाय सहा इंचांचें छायाचित्र इंचास ६०० ठिपक्यांनीं स्कॅन करावें, म्हणजे २४०० बाय ३६०० ठिपके मिळतात. मूळ प्रत टिफ किंवा पीएनजी जातींत ठेवावी, जेपेगमध्यें नव्हे. १९९२ सालीं ठरलेल्या जेपेग पद्धतींत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे करून डोळ्यांस न जाणवणारा तपशील टाकून दिला जातो. बदल करून पुन्हां ठेवलें कीं पुन्हां कांहीं टाकलें जातें. पीएनजीमध्यें कांहींच टाकलें जात नाहीं. ‘मूळ’ नांवाचा एक फोल्डर करून, त्यांतील फाइली केवळ वाचण्यापुरत्या करून ठेवाव्या (फाइलच्या गुणधर्मांत तशी सोय असते) आणि त्याची एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर, शक्यतों दुसऱ्या घरीं असावी. अनेक चित्रें एकदम लहान करावयाचीं असतां जीथंबच्या साधनांत कोठें ठेवावयाचीं हें विचारलें जातें, तेथें निराळा फोल्डर द्यावा. मोठीं पानें स्कॅन करतांना यंत्र मंद झालें तर घाबरूं नये. ए-फोर आकाराचें पान ६०० नें स्कॅन केलें कीं सुमारें साडेतीन कोटी ठिपके होतात आणि उघडलेलें चित्र यंत्राच्या स्मृतींत शंभर एमबीहून अधिक जागा घेतें. चार जीबींच्या जुन्या यंत्रास तें जड जाणारच.

शेवटचें एक पत्र राहिलें. पाठविणाऱ्यांचें नांव व गांव आम्ही देत नाहीं. त्यांच्या वडिलांचा सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा जवळ आला आहे. सुमारें ऐंशी वर्षांपूर्वी वाड्याच्या चौकांत काढलेलें सर्व कुटुंबाचें चित्र मोठें करून समारंभांत लावावयाचें आहे. त्यांत वडील आपल्या आईच्या मांडीवर आहेत. चित्राच्या अगदीं उजव्या कांठाला आलवण नेसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली एक विधवा आत्या उभी आहे. मंगलप्रसंगीं तें बरें दिसत नाहीं असें घरांत कोणी म्हणतें, तेव्हां ती आकृति काढून टाकण्याचा सोपा उपाय कोणता, असा प्रश्न आहे.

या पानांतील सर्व प्रश्नांत याइतका सोपा प्रश्न दुसरा नाहीं. ती कांठालाच उभी असल्यामुळें डाग काढण्याचें साधन सुद्धां नको. कापण्याची चौकट अर्धा इंच आंत ओढली कीं काम झालें, शेजारच्यास धक्काहि लागत नाहीं. उपाय सांगून आम्हीं मोकळे झालों. पण आतां आमचें म्हणणेंहि ऐकून घ्यावें. त्या काळीं छायाचित्र काढावयाचें म्हणजे छायाचित्रकार बोलवावा लागे, सर्वांनीं ठेवणींतलीं वस्त्रें नेसावीं लागत, आणि अशा बायकांस बहुधा स्वयंपाकघरांतून बाहेर बोलावीतच नसत. कित्येक घरांच्या आल्बमांत त्यांचें एकहि चित्र नाहीं, जणूं त्या घरांत कधीं राहिल्याच नाहींत. या घरीं मात्र कोणीतरी तिला ‘तूंहि ये’ म्हटलें असलें पाहिजे, आणि ती येऊन उभी राहिली. मांडीवरच्या त्या मुलाला न्हाऊंमाखूं घालणारे हात कोणाचे होते, याची वडिलांस आठवण असेल तर त्यांनाच विचारून पाहावें, आणि मग चौकट ओढावी कीं नाहीं तें ठरवावें.

न ओढण्याचें ठरलें तर काम पुढीलप्रमाणें करावें. चित्र ६०० नें स्कॅन करून मूळ प्रत बाजूस ठेवावी. गिंपमधील ‘हील’ या साधनानें घडीच्या पांढऱ्या रेघा व बुरशीचे ठिपके काढावे. लहान कुंचला घ्यावा, चेहऱ्यांवर तर मुळींच घाई करूं नये, आणि कांठावरच्या आकृतीलाहि इतरांइतकाच वेळ द्यावा. कृष्णधवल चित्रास रंग भरून देणारीं नवीं साधनें निघालीं आहेत, त्यांचा मोह या चित्रापुरता आवरावा. आलवणाचा लाल रंग त्या यंत्रास ठाऊक असण्याचें कारण नाहीं, तें आपल्या अंदाजानें निळें किंवा हिरवें लुगडें नेसवून मोकळें होईल. नंतर ‘इमेज’ मधील ‘कॅनव्हस साइझ’ उघडून उंची ६०० ठिपक्यांनीं वाढवावी, म्हणजे मूळ मापाच्या खालीं एक इंचाची कोरी पट्टी मिळेल. तींत पांढरा रंग भरून मुक्ता किंवा शोभिका फॉन्टनें ओळीओळीनें, डावीकडून उजवीकडे, सर्वांचीं नांवें लिहावीं. उजव्या कांठाच्या नांवाशीं येऊन थांबावें लागेल असा आमचा अंदाज आहे, कारण पत्रांत तिला नुसतें ‘आत्या’ म्हटलें आहे. तिचें पाळण्यांतलें नांव जाणणारें माणूस घरांत किंवा नात्यांत असेल तर त्यांना याच आठवड्यांत भेटून यावें. चित्र छापावयास टाकण्यास अजून अवकाश आहे.